गामिनीचा नियम

अर्विंग, टेक्सास
७ डिसेंबर २०२५

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. प्रसन्नच्या कंपनीत पुन्हा माणसं कमी करताहेत, पण तुमच्या जावयाची खुर्ची अजून तरी शाबूत आहे. तुमच्या गुडघ्याचा पट्टा आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या शेजारच्या नैनाबरोबर पाठवतेय. ती उद्याच नागपूरला निघतेय, म्हणून हे पत्रही तिच्याच हाती देतेय. फोन का नाही केला म्हणून चिडू नका. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि निम्मं इंदोरा आमचं बोलणं ऐकतं. हे पत्र मात्र एकट्याने वाचा. दार लोटून घ्या.

काल इथल्या हॉलमध्ये सहा डिसेंबरचा कार्यक्रम झाला. बाबासाहेबांना अभिवादन झालं, वंदना झाली आणि मग जो तो मला आपल्या आयुषचंच विचारत होता. या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात का धरतात हे ज्यांना अजून कळलेलं नाही, तेसुद्धा. शैलजामावशी म्हणाल्या, "हेड कोच झाला की आपल्या पोरांपुढे त्याचं एक भाषण ठेवू." मी हो म्हटलं आणि ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

तुम्ही फ्लेक्स छापायला टाकलाय, हेही कळलं. त्यावर आयुषचा फोटो मोठा, खाली तुमचा, वर आईचा. छपाई थांबवता आली तर थांबवा.

तर तुमच्या आवडीची बातमी आधी. २९ नोव्हेंबरची मॅच तुम्ही पाहिलीत, पण मी मैदानावर होते. तुम्ही सगळ्यांना सांगता तसं, आयुष म्हणजे बचावाचा मास्तर. समोरच्याला रोखणारी जी अर्धी टीम असते, ती त्याची. चार वर्षांपूर्वी तो त्या युनिव्हर्सिटीत कोच म्हणून गेला तेव्हा त्या टीमची गंमत करायचे लोक. आज त्यांच्याशी खेळायचं म्हटलं की समोरच्यांचं पोट बिघडतं. आणि त्याच्या सगळ्या खुणा तुमच्या कबड्डीच्या. समोरच्या टीमची माणसं दुर्बिणी लावून बसतात, पण 'कोपरा', 'साखळी', 'पकड' म्हणजे काय हे त्यांच्या बापालाही कळत नाही. टेक्सासची धिप्पाड पोरं 'सॅकली, सॅकली' ओरडतात तेव्हा मला हसू येतं. आईला जाऊन आता सहा वर्षं होतील. तिने हे ऐकायला हवं होतं, असं दर वेळी वाटतं.

शेवटच्या खेळीला आपण जेमतेम पुढे होतो आणि ते आपल्या रेषेच्या अगदी तोंडाशी आले होते. आयुष ओरडला, "साखळी". निम्मी पोरं धावली, निम्मी जागच्या जागी उभी राहिली. समोरचा चेंडू फेकणारा गोंधळला. त्याला वाटलं, ही उभी राहिलेली पोरं म्हणजे सापळा आहे. त्याने घाईत भलतीकडे फेकला, आपल्या पोराने झेलला आणि मॅच संपली. टीव्हीवर दोन दिवस तेवढंच दाखवत होते. एक जण म्हणाला, असं डोकं असलेल्या माणसाला अजून हेड कोच का केलं नाही? त्यानंतरच ते मोठं पत्र आलं. शेजारच्या राज्यातली मोठी युनिव्हर्सिटी, हेड कोचची जागा, पाच वर्षांचा करार. येत्या शनिवारी त्यांची कमिटी डॅलसला येतेय त्याला भेटायला.

बाबा, तो सापळा नव्हता.

'साखळी' त्याने दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती. जुन्या पोरांना ती आठवत होती, म्हणून ती धावली. नव्यांना तो शब्द कधी शिकवलाच नव्हता, म्हणून ती उभी राहिली. मॅचनंतर मी त्याला माझ्या गाडीतून घरी सोडत होते. तो बोटांवर पोरं मोजत होता. मग म्हणाला, "ताई, डेव्हन जागेवर का नव्हता? आय टोल्ड हिम." डेव्हन दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेला. ह्यूस्टनला नोकरी करतो. त्याच्या लग्नाला आयुष गेला होता.

मी सांगितलं तसं. तो म्हणाला, "राइट, राइट," आणि रेडिओचा आवाज वाढवला.

आता सगळंच सांगते. ऑगस्टमध्ये मी त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. सरावाच्या मैदानावरून घरी येताना तो रस्ता चुकला होता आणि पेट्रोल पंपावरून त्याने मला फोन केला होता. सगळ्या तपासण्या झाल्या. चौदाव्या वर्षी माझ्याकडे शिकायला आला, त्या शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत तो स्वतः बचावाला खेळला, दर वर्षी डोक्यावर आपटत राहिला. त्या वेळी उठून उभं राहिलं की खेळाडू ठीक, असा हिशेब होता. डॉक्टर म्हणाल्या, मेंदूवर त्याचा परिणाम झालाय, तो वाढत जाणार आणि उलटा फिरणार नाही. तुमचा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा आहे, बाबा. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं की फाइल याचीच आहे ना.

बाहेर येऊन तो म्हणाला, "ताई, एक सीझन दे. बाबांना नको सांगू." मी दिला. मला वाटलं, सीझन संपला की तो आपणहून थांबेल. सीझन संपला आणि हे पत्र आलं.

नोव्हेंबरमध्ये मार्कस नावाच्या पोराला डोक्याला मार लागला. टीमच्या ट्रेनर बाईंनी आयुषला तोंडावर सांगितलं, हा आज खेळणार नाही. आयुषने मान हलवली. थोड्या वेळाने त्यानेच मार्कसला हाक मारली आणि मैदानात पाठवलं. पोरगंच ते, कोचने बोलावलं म्हटल्यावर धावत सुटलं. ट्रेनर बाई ओरडत मागे पळाल्या म्हणून वाचलं. सगळ्यांना वाटलं, कोच फार कडक आहे, जिंकण्यासाठी काहीही करेल. मी स्टँडमध्ये होते. मला त्याचा चेहरा दिसला, बाबा. बाई का ओरडताहेत, हेच त्याला कळत नव्हतं.

हेड कोच म्हणजे शंभरावर पोरं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बसवायचं, हे सगळं त्याच्या आठवणीवर. मी त्याला समजावलं, भांडले, एकदा तर ताट आपटलं. तो म्हणतो, "ताई, आपल्यातला कोणी आजवर इथवर आला नाही. दारात आलोय आणि तू मागे ओढतेस." ते खरंच आहे. त्याच्यासाठी मलाही ते हवं होतं. अजूनही हवंय, आणि त्याचाच मला राग येतो.

तो माझं ऐकणार नाही. आयुष्यात त्याने फक्त तुमचं ऐकलंय. शनिवारच्या आधी त्याला लिहा. फोन करू नका, फोनवरचं तो विसरतो. कागद त्याच्या हातात राहील. तुमच्या अक्षरात लिहा आणि फोटो मला पाठवा, मी छापून देईन. कसं लिहायचं ते मला सुचत नाही. तुम्हालाही सुचणार नाही, पण लिहा.

तुमच्या आनंदात माती कालवणारी,
तुमची
जागृती


इंदोरा, नागपूर
१० डिसेंबर २०२५

चि. आयुष,
तुझं मंगल होवो.

नैना आज येऊन गेली. गुडघ्याचा पट्टा बसला. ताईचं पत्र वाचलं. तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, मी लांब आहे.

बेटा, तू दर रविवारी फोन करतोस. गेल्या आठवड्यात मात्र मधल्याच वारी फोन करून तू मला त्या मोठ्या पत्राची बातमी दिलीस. मी उड्या मारल्या. पाच मिनिटांनी तू पुन्हा म्हणालास, "बाबा, एक न्यूज आहे," आणि तीच बातमी पुन्हा दिलीस. मी पुन्हा उड्या मारल्या. मला वाटलं, पोरगं खूश आहे. खूश माणूस तेच तेच बोलतो. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

तू लहान असताना मी तुला अंगणात कबड्डी शिकवायचो. समोरच्याचा हात नुसता लागला तरी गडी बाद. कधी कधी तो पंचाला दिसत नाही, प्रेक्षकांना दिसत नाही. ज्याला लागला त्यालाच ठाऊक असतं. अशा वेळी चांगला गडी काय करतो, ते तू रोज मला म्हणून दाखवायचास. हात वर करतो आणि आपल्या पायांनी रेषेबाहेर जातो. आमच्या मंडळाची या नागपुरात इज्जत होती ती कप जिंकले म्हणून नव्हती. इंदोऱ्याची पोरं बाद झाली की स्वतः हात वर करतात, असं पंच म्हणायचे. आमच्याबद्दल लोक दुसरं काय काय म्हणायला टपलेले असत, ते तुला सांगायला नको. म्हणून तो हात आम्हाला कपापेक्षा मोठा होता.

आणखी एक सांगितलं होतं, ते तुला आठवतं का पाहा. संजीवनीचा नियम असला तर समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला परत आत येतो. गामिनीचा नियम वेगळा. त्यात बाहेर गेलेला बाहेरच राहतो, बाकीचे खेळतात. तू म्हणायचास, "बाबा, गामिनी नको, गामिनीत मजा नाही." मी तुझ्यासाठी दर वेळी संजीवनी लावायचो. आता नियम मी लावत नाही, बेटा. माझ्या हातात असतं तर माझी आठवण काढून तुला दिली असती. नाही तरी ती इथे कोणाच्या कामाची नाही.

मार्कसचं ताईने लिहिलंय. त्या पोरालाही बाप असेल. तो टीव्हीसमोर बसून गावाला फोन लावत असेल.

तू कुणापेक्षा कमी पडला नाहीस. तुला लागलंय, एवढंच. पंचाला दिसलेलं नाही. टीव्हीवाल्यांना तर उलटंच दिसलंय. तुला ठाऊक आहे, ताईला ठाऊक आहे, आता मला ठाऊक आहे. शनिवारी तिथे जा. चांगले कपडे घालून, ताठ जा. आणि हात वर कर.

फ्लेक्सवाल्याला मी सांगून आलो. तो विचारत होता, पोराचं काम झालं नाही का? मी म्हटलं, पोरगं घरी येतंय. उन्हाळा लागायच्या आत ये. अंगण आहे तिथेच आहे.

हा कागद जवळ ठेव. विसरलास तर पुन्हा वाच. पुन्हा वाचताना पहिल्यांदाच वाचल्यासारखं दुखलं, तर त्याबद्दल या म्हाताऱ्याला माफ कर.

तुझा,
बाबा


अर्विंग
१४ डिसेंबर

बाबा,
जयभीम.

माझं मराठी लिहिणं खराब आहे. ताई बाजूला बसली आहे, पण मी तिला म्हटलं, दुरुस्त करायचं नाही.

तुमचा कागद मी वाचला. खूप वेळा वाचला. आधी मी चिडलो. मी तो फेकला, मग शोधला.

शनिवारी हॉटेलमध्ये कमिटी होती. पाच माणसं होती. त्यांनी मला विचारलं, त्या शेवटच्या प्लेमध्ये निम्मी मुलं उभी ठेवायची आयडिया कशी आली. मी हात वर केला. खरोखर वर केला, शाळेसारखा. त्यांना वाटलं मला प्रश्न विचारायचा आहे. एक बाई म्हणाल्या, येस कोच?

मग मी सांगितलं. डेव्हनचं सांगितलं, मार्कसचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. मग सगळे माझ्याशी खूप चांगलं वागले. एका माणसाने मला कॉफी आणून दिली. या खेळात लोक एवढे चांगले वागायला लागले की समजायचं, संपलं. मी ती कॉफी पूर्ण प्यायलो.

इथला जॉबही सोडतो आहे. उद्या मुलांना सांगणार. ताई बरोबर येणार आहे. माझ्या जागी जो नवीन माणूस येईल त्याला मी सगळे शब्द शिकवणार. कोपरा, पकड, सगळे. लवकर शिकवणार. साखळी नाही शिकवणार.

मला गामिनी आठवते. मला तो गेम आवडायचा नाही. बाहेर बसलं की पायाला मुंग्या चावायच्या.

मी मार्चमध्ये येतो. ताईने तिकीट पाहिलं आहे. तिने नाव, तारीख, सगळं माझ्या फोनमध्ये लिहिलं आहे.

बाबा, एक रिक्वेस्ट आहे. हे सगळं आईला एवढ्यात सांगू नका. ती फोनवर रडेल आणि मला ते चालणार नाही. मी घरी आलो की तिच्या जवळ बसून मीच सांगेन.

रेषेबाहेरून,
तुमचा आयुष