साडेसहाचा दर

प्रिय फ्यूजबाई,

तुझा बुधवारचा मेसेज मिळाला. विजेच्या बिलाचा फोटोही मिळाला, आणि त्यावर तू लाल रंगाने काढलेली वर्तुळंही मिळाली. शाळेत तुझ्या गणिताच्या वहीवर अशीच वर्तुळं यायची, तेव्हा मी तुला चकार शब्द बोलले नव्हते, हे लक्षात असू दे. आता माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला शोधत बसायला नको. नाही. गाडी संध्याकाळी साडेसहालाच चार्जिंगला लागणार. दुपारी नाही, पहाटे नाही, जावईबापूंनी काढलेल्या कुठल्याही मुहूर्तावर नाही. राग आला असेल तर येऊ दे. बाबांनी तुझं नाव उगाच फ्यूज ठेवलेलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हं हं करते. शिवाय बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून कागदावर लिहिते आहे, आणि पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर डोळे ताण, पण शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, एकोणतीस वर्षं घरोघरी मीटर वाचत फिरलीस आणि स्वतःच्याच घरात दिव्याखाली अंधार? वाक्य झकास जमलंय. जावयांना वाचूनही दाखवलं असशील. पण मला दर शिकवू नकोस गं. सकाळी दहा ते दुपारी चार वीज स्वस्त, कारण उन्हाची वीज तेव्हा वाटेल तेवढी असते. संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यांत महाग, कारण सगळी दुनिया तेव्हाच घरी येऊन बटणं दाबते. दुपारच्या दुपटीहून वर जातो दर. हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. नवे दर आले तेव्हा तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना मीच समजावलं होतं, की इस्त्रीची कामं दुपारी उरका. त्यांचं बिल उतरलं आणि आपलं चढलं. आता जिन्यात भेटले की मिशीतल्या मिशीत हसतात. हसू देत.

गाडीचंही तुझं म्हणणं खरं आहे. इथून जाताना तू ती आमच्याकडे ठेवलीस तेव्हा म्हणाली होतीस, घरच्या विजेवर चालवा, पेट्रोलच्या पावपटीत भागेल. पहिले सहा महिने भागलंही. आता साडेसहाच्या दराने चार्ज करून पेट्रोलच्या निम्म्या खर्चावर जाऊन बसलोय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गणितात तुझी चूक नाही. लोकांच्या खर्चाला कात्री लावायची नोकरी तुझी, चूक होऊन कसं चालेल?

आणि रोज चाळीस किलोमीटर जाता तरी कुठे, असं विचारलंस. कुठेच नाही. दुपारी तीनला मी बाबांना शेजारी बसवते, गोदामांच्या रस्त्याने बाहेर पडते, तलावाला वळसा घालते आणि घरी येते. कुठे थांबत नाही, काही आणत नाही. बाबा खिडकीतून विजेचे खांब बघतात आणि कुठल्या खांबावर तार ढिली आहे ते सांगतात. परवा शिंपीकाकांनी विचारलं, आज कुठली स्वारी? मी म्हटलं, बॅटरी सांडून येतो. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी अगदी खरं ते सांगितलं होतं.

तुला एक जुनी गोष्ट सांगते, मग माझं म्हणणं कळेल. माझ्या हद्दीत एक टोकाचं घर होतं. तिथली युनिटं एका हिवाळ्यात एकदम तिप्पट झाली. साहेब म्हणाले, मीटर बिघडलाय नाहीतर कुणीतरी चोरून वीज घेतंय, आत जाऊन बघून या. मी गेले, तर भर दुपारी घरातला प्रत्येक दिवा चालू. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, कपाटाच्या वरसुद्धा एक. घरातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ह्यांना दिसेनासं होत चाललंय, पण ह्यांना वाटतं की हल्ली अंधार लवकर पडतो. मी तसंच वाटू देते. मी माझ्या वहीत 'मीटर ठीक' एवढंच लिहिलं आणि निघाले. कारणासाठी वहीत रकानाच नव्हता. बिलासोबत तू पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यातही नाही.

आता चार्जिंगच्या लाइनीची गोष्ट. तू गाडी घेतलीस तेव्हा कंपनीचा माणूस तारा टाकायला आला होता, आठवतं? त्याची पातळ तार बघून बाबांनी त्याला चहा पाजला आणि दारातूनच परत पाठवलं. मग स्वतः चार दिवस खपून आपल्या मीटरपासून तीन मजले खाली पार्किंगच्या शेडपर्यंत लाइन ओढली. जाड केबल, पाइपाला वीतभर अंतरावर क्लॅम्प, वेगळं अर्थिंग. 'आधी अर्थिंग, मग अक्कल' हे त्यांचं वाक्य तू लहानपणापासून ऐकतेस. आणि काम संपल्यावर नेहमीसारखं शेडमधल्या बोर्डाच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख, तारेची जाडी आणि सही. बेचाळीस वर्षांत त्यांनी एकही झाकण सहीशिवाय बंद केलं नाही. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर काम कुणाच्या हातचं आहे ते कळलं पाहिजे, आणि शिव्या घालायच्या तर कुणाला तेही. आपल्या घराच्या मेन बोर्डाच्या झाकणात त्यांच्या सहीखाली 'मदतनीस: फ्यूज' असं तुझं वेडंवाकडं अक्षर अजून आहे. सात वर्षांची होतीस. बॅटरी धरून उभी राहायचीस आणि सगळा उजेड स्वतःच्याच तोंडावर पाडायचीस.

ती चार्जिंगची लाइन हे त्यांनी नीट पुरं केलेलं शेवटचं काम. विजेच्या कामांचं दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं असं मी तुला सांगितलं, ती थाप होती. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. एका गिऱ्हाइकाच्या घरी ते तारेचा जोड उघडाच ठेवून आले, आणि दुसऱ्या दिवशी ते घर कुठलं हेच आठवेना. आम्ही दोघं रिक्षा करून अख्खा भाग पालथा घातला, तेव्हा दुपारी ते घर सापडलं. जोड झाकला आणि घरी आल्यावर त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. त्यांना ऐकायला कमी येतं, तीही थापच. कान तिखट आहेत. फोनवर गप्प असतात, कारण समोर कोण बोलतंय हे कळेपर्यंत तुझं बोलणं संपलेलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वाढतच जाणार. फ्यूजला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडली. बायकोने शपथ मोडली तर नवऱ्याने रागवावं, पण त्यासाठी आधी ती लक्षात तर राहायला हवी. हा विनोद माझा नाही, त्यांचाच आहे.

तो त्यांनी एका संध्याकाळी केला, सातच्या सुमारास. म्हणजे गाडी लावून वर आल्यावर. आता ऐक नीट. दिवसभर ते कुठे आहेत ते त्यांचं त्यांना ठाऊक नसतं. मला कधी ताई म्हणतात, कधी बाई म्हणतात. पण साडेसहा वाजले की न सांगता उठतात. खिशात टेस्टर टाकतात, तीन मजले उतरतात, अर्थिंग तपासतात, गाडीला प्लग लावतात. दिवा हिरवा लागला की झाकण उघडून आतली सही वाचतात आणि म्हणतात, कारागीर बरा होता. मी म्हणते, तुम्हीच की हो. ते हसतात. मग वर येतात, आणि पुढचा तासभर घरात तुझे बाबा असतात. मला माझ्या नावाने हाक मारतात. माझी खोडी काढतात. 'फ्यूजचा फोन आला होता का' म्हणून विचारतात.

दुपारी लाव म्हणतेस? करून बघितलं की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू डोकं माझंच फिरलंय. गाडी कामावरून आल्यावर लावायची असते, एवढंही कळत नाही का, म्हणाले. मग मी शहाणपणा केला. दुपारी गुपचूप गाडी भरून ठेवली. संध्याकाळी ते खाली गेले, तर बॅटरी काठोकाठ. वर आले ते माझं काम कुणीतरी करून गेलं म्हणत, आणि पानावर बसलेच नाहीत. म्हणून ते चाळीस किलोमीटर. माणसाला रोज थोडं काम उरलं पाहिजे. त्याचा दर संध्याकाळचा पडतो, तर पडो. एकोणतीस वर्षं मी लोकांच्या बिलांचे आकडे घेतले, मला बिलाची भीती दाखवू नकोस. पुढच्या महिन्यापासून ते तुझ्या खात्यातून जाणार नाही. माझ्या पेन्शनमधून जाईल. सोनं घेत नाही, साड्या घेत नाही, रोज एक तास नवरा विकत घेते. कुणाच्या बापाचं काय जातं? तुझ्या बापाचं जातंय, पण त्यांची ना नाही.

आता तुझ्या मेसेजची शेवटची ओळ. 'तुला काही करायला नको, ह्यांनी इकडूनच सगळी सोय केली आहे.' ही सोय म्हणजे काय ते बुधवारी माझ्या डोक्यात शिरलं नाही. गुरुवारी साडेसहाला बाबांनी प्लग लावला, तर दिवा पिवळाच राहिला. काढून परत लावला. पिवळाच. मी म्हटलं, गाडीचं काहीतरी असेल. ते म्हणाले, गाडीचं नाही, लाइनीचं आहे. त्यांनी मेन पाडला, तेवढं चुकले नाहीत, आणि खालून वर एकेक क्लॅम्प सोडत घरच्या मीटरपर्यंत सगळी लाइन उघडली. प्रत्येक जोड बोटांनी चाचपून बघितला. दोष सापडेना. सापडणार कुठून, नव्हताच. शेवटी शेडमधल्या बोर्डाचं झाकण हातात घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि आतली सही पुसून टाकली. मी हात धरेपर्यंत पुसून झाली होती. मग पायरीवर बसले आणि अगदी शुद्धीत म्हणाले, हात गेला माझा.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः लाइन पुन्हा जोडली. शिंपीकाकांनी शिडी धरली, आणि या खेपेला हसले नाहीत. प्लग लावला, पिवळाच दिवा. आणि दहाच्या ठोक्याला आपोआप हिरवा झाला. तेव्हा तुमची सोय माझ्या लक्षात आली. स्वस्त वीज लागेपर्यंत गाडी चार्जच होणार नाही असा टायमर तुम्ही तिकडे बसून लावलात. मी बाबांना हाताला धरून खाली आणलं, हिरवा दिवा दाखवला, तुमचं काहीच चुकलं नव्हतं म्हणून सांगितलं. तर म्हणाले, तू जोडलंस म्हणून लागला. मी सांगितलेलं टायमरचं त्यांना पटत नाही, त्यांना वाटतं मी समजूत काढते आहे. आज रविवार. तीन संध्याकाळी झाल्या, ते खाली उतरलेले नाहीत. साडेसहाला उठतात, टेस्टर हातात घेतात, आणि परत खुर्चीत बसतात. तो तास आलेलाच नाही.

तुझ्यावर मी चिडलेली नाही. तुला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं, आणि ती चूक माझी आहे. पण आता माहीत झालंय. गाडीतल्या पडद्यावर मी सगळी बटणं दाबून बघितली. ती म्हणते, वेळ बदलायची तर मालकाच्या फोनवरून बदला. मालक तू आहेस. उद्या साडेसहाच्या आत तो टायमर काढ. कामात असशील तर काम ठेव, जावई आडवे आले तर त्यांना हे पत्र दे. बाबांना खाली न्यायचं माझ्याकडे लागलं, हाताला धरून नाही जमलं तर कान धरून नेईन. हिरवा दिवा त्यांच्या हाताने लागला पाहिजे. झाकणाला दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे, टोक काढून. त्यांनी सही केली की खाली मदतनिसाची एक ओळ मोकळी ठेवायला सांगेन. लवकर ये आणि भर.

तुझीच,
दर तोंडपाठ असलेली आई