डबीतला गाणारा पक्षी

ता. ४ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,
कृ. सा. न. वि. वि.

परवा स्टेशनवर माझा निरोपसमारंभ झाला. जन्मभर उद्घोषणेच्या खोलीत बसून मी गाड्या आणल्या-सोडल्या, पण माझ्यासाठी खुर्च्या पहिल्यांदाच मांडल्या गेल्या. मोठे साहेब जातीने आले. मला स्टेशनचा गाणारा पक्षी म्हणाले आणि चांदीचं नाणं दिलं. खर्चायचं नाही, संग्रही ठेवायचं. त्यावर फांदीवर बसलेला पक्षी, तोही रंगीत! निळा गळा, नारिंगी छाती, चोच उघडी. पारदर्शक डबीत बंद आहे. डबी उघडली की मोल गेलं म्हणे. कपाटात मधोमध ठेवलंय. त्यासाठी यांचा बुद्धिबळाचा कप मागे सरकवावा लागला, म्हणून हे गाल फुगवून बसलेत.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी मला बंद खोलीत बसवून सगळी गावं, सगळे आकडे, ‘उशिरा’, ‘रद्द’, ‘क्षमस्व’ असं सुटं सुटं वाचून घेतलं. असा आवाज पुन्हा व्हायचा नाही, आठवण म्हणून जपू, असं म्हणाले. माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी, थोरली आणि धाकटी, आता खोली सांभाळतील. समारंभात दोघी ढसाढसा रडल्या.

सोबत नाण्याचा फोटो. वहिनीला दाखव. तिला नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भोंगा

ता. ११ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

फोटो पाहिला. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, पण असा पक्षी माझ्या वर्गातल्या ढ पोरानेही काढला नव्हता. त्याचे पाय फांदीला टेकलेलेच नाहीत. अधांतरी बसलाय बिचारा. शिवाय चांदीवर रंग फासायचा म्हणजे देखण्या बाईला मिशा काढायच्या. गाणाऱ्या पक्ष्याला डबीत घालून वर उघडू नका असं बजावायचं, यातच तुझ्या साहेबांची रसिकता आली. वहिनी म्हणाली, छान आहे. ती सगळ्यालाच छान म्हणते. माझ्याशी लग्न केलं यावरून तू ओळखायला हवं होतंस.

आता कामाचं. आठवण जपायची तर माणसाला चार वाक्यं बोलायला सांगतात, हसायला सांगतात. ‘रद्द’ आणि ‘क्षमस्व’ बरणीत भरून कोण जपतं? कुठेतरी पाणी मुरतंय. पण तुला कुणी पक्षी म्हटलं की तू लगेच उडायला लागतेस.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते काही डबीत बंद नाहीत.

तुझा,
दादा

ता. १६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं आणि पोट धरधरून हसले. तेव्हा तुम्हां दोघांशीही माझा अबोला. तुला कधी कुणी एक फुलसुद्धा दिलं नाही, हा तुझा खरा सल आहे.

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.

भोंगा

ता. ९ डिसेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

अबोला मोडते. सांगायला दुसरं कोण आहे?

यांना गाडीवर सोडायला गेले होते. फलाटावर तोंड मिटून उभी होते आणि वरून मीच बोलायला लागले. गाडी, गाव, फलाट, क्षमस्व. शब्द सगळे माझे, पण प्रत्येकाच्या मध्ये दात पडल्यासारखी फट. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. या वेळी हसले नाहीत. मी धावत जिना चढले. उद्घोषणेच्या खोलीला कुलूप. माझे ते सुटे शब्द जोडून बोलणारं यंत्र बसल्याबरोबर दोघींनाही घरी पाठवलं, असं हमालाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. ताई, तुमचा राग नाही, म्हणाली. पण त्यांचं घर स्टेशनला लागून आहे. माझा आवाज आला की तिची आई उठते आणि खिडकी लावून घेते. दादा, माझा आवाज ऐकून कुणी खिडकी लावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी नाणं उचललं आणि साहेबांपुढे नेऊन आपटलं. हे घ्या आणि मुलींना परत घ्या, म्हटलं. ते गोड हसले. यंत्राला सर्दी होत नाही, ते रजा मागत नाही, उलट तुम्ही अमर झालात, आनंद माना, असं म्हणाले. आणि नाणं? दिलेली भेट परत घेणं नियमात बसत नाही. ज्याला दोघींच्या पोटावर पाय देणं नियमात बसतं, त्याला डबी परत घेणं बसत नाही!

त्यात हे धुकं. गाड्यांचे फलाट ऐन वेळी बदलतात, आणि यंत्र आपलं जुनंच बोलतं. काल लोक तीन नंबरवर थांबले आणि गाडी एकवर आली. पळापळीत एक म्हातारी जिन्यावर पडली, मनगट मोडलं. आज भाजीवाल्याने मला तोंडावर सुनावलं की बाई, तुमच्या बोलण्यावर आता भरवसा उरला नाही. मी काय सांगणार?

वहिनीस नमस्कार. रागावला असशील तरी उत्तर धाड.

भोंगा

ता. १४ डिसेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

रागावलो नाही. पाणी मुरतंय हे मी सांगितलंच होतं, पण ते उगाळण्यात आज मजा नाही. तरी उगाळतो.

तुझ्या साहेबाला माणूस म्हणणं हा माणसांचा अपमान. आणि तू? जाऊन नाणं आपटलंस! त्याच्या टेबलाची काच तरी फुटली का? त्याने तुझे शब्द घेतलेत, अक्कल नाही घेतली. तुझ्याकडे ती वाटण्याइतकी नव्हतीच म्हणा. पण गळा तर अजून तुझ्याच मानेवर आहे ना? लहानपणी तू अंगणातून हाक मारलीस की चार गल्ल्यांपलीकडची पोरं आपली नावं ऐकून घरी जायची. तेव्हा कुठला लाऊडस्पीकर होता?

रडगाणं पुरे. मनगट मोडलेल्या म्हातारीला भेटून ये. वहिनीने गुडघेदुखीचं तेल पाठवलंय. मनगटाला चालेल का, तिला ठाऊक नाही, पण ती छानच म्हणते.

पाठीशी आहे, हे लिहायला नको.

दादा

ता. २८ डिसेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

म्हातारीला भेटले. शिव्या घालेल वाटलं होतं. पण ती म्हणाली, तो आवाज तुझा नव्हे. तू पूर्वी ‘जपून उतरा’ म्हणायचीस. यंत्रासाठी ते माझ्याकडून कुणी वाचून घेतलंच नव्हतं.

मग दोघींना बोलावलं. तिकिटं काढून आम्ही फलाटावर गेलो. थोरली या टोकाला, धाकटी त्या टोकाला, मी पुलावर. सिग्नलवाल्याने हात करून फलाट दाखवायचा, की आम्ही उघड्या तोंडाने ओरडायचं. पहिल्या दिवशी लोक हसले. वरून यंत्रातली मी एक सांगतेय, पुलावरून खरी मी दुसरंच. पण गाडी आम्ही सांगितलेल्या फलाटावर आली आणि हसू थांबलं. दोन-तीन दिवसांत लोक भोंग्याखालून उठून आमच्याजवळ उभे राहायला लागले.

मग साहेब लालबुंद होऊन खाली आले. स्टेशनात आरडाओरडा केल्याबद्दल पोलिसांत देईन, म्हणाले. मी म्हटलं, अवश्य द्या, पण वर ओरडतेय तीही मीच, तिलाही बेड्या घाला. सगळा फलाट खदखदून हसला. साहेबांना जिना सापडेना. त्यातच म्हातारीच्या मुलाने वरच्या कचेरीत तक्रार नेली, खाली प्रवाशांच्या सह्या जोडून.

काल खोलीचं कुलूप उघडलं. दोघी परत आल्या. तात्पुरत्या, असं साहेबांनी तीनदा बजावलं. खोलीची खिडकी खडखडते, तिच्या फटीत धाकटीने माझ्याकडून मागून नेलेली ती पक्ष्याची डबी ठोकून बसवली आहे. पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली. माझा घसा मात्र पार बसलाय. हे म्हणतात, घर कसं शांत वाटतंय! यांनाही तुझीच हवा लागली.

एकदा येऊन जा. पत्रातल्या टोमण्यांनी पोट भरत नाही.

तुझी,
बसलेला भोंगा

ता. १९ जानेवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोहोचलो, पण एक गाडी उशिरा. कारण सांगतो, हसू नकोस.

तू मला सोडून घरी गेलीस आणि वरून तुझी धाकटी बोलली. काय ती मुलगी! ‘वेळेवर’ला ‘वेलेवर’ म्हणाली. मग थांबली. सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असा खाकरा काढला, माफ करा म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, ‘वेळेवर’. माझ्या शेजारच्या बाकावरचा जाडा गृहस्थ पेपर खाली करून वर बघायला लागला. शेवटी ती घाईघाईने म्हणाली, जपून चढा, जपून उतरा. हे तूच शिकवलं असशील.

समोर माझी गाडी लागली. लोक चढले. मला वाटलं, पुढच्या खेपेला तरी ‘ळ’ जमतो का बघू. म्हणून बसून राहिलो. गाडी गेली.

पुढच्या खेपेलाही नाही जमला.

वहिनीचे आणि माझे आशीर्वाद. त्या पोरीलाही दे, आणि रोज सकाळी तिच्याकडून ‘ळ’ घोटून घे.

तुझा,
दादा