आठव्या बुडबुड्याच्या मंजुरीबाबत

प्रति,
मा. फलक-परवाना अधिकारी,
जाहिरात-फलक कचेरी, लंडन (पश्चिम).

दि. ११ मे १९५३

विषय : पिकॅडिली सर्कस येथील ‘फिझिट’ शीतपेयाच्या दिव्यांच्या फलकात एक बुडबुडा वाढवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ४ मे १९५३.

महोदय,

मी, विनिफ्रेड टॅपली, वय ५८, अविवाहित, धंदा वेस्टकोटांची काजे करणे, सविनय सादर करते की :

१. माझे कै. वडील जोसेफ टॅपली यांनी चौकावरची तिसऱ्या मजल्यावरील ही खोली १९०७ साली घेतली, ती तिच्या एकुलत्या खिडकीसाठी. गडद निळा व काळा दोरा दिव्याच्या उजेडात सारखाच दिसतो, हे कोणताही शिंपी आपणास सांगेल. १९११ साली भिंतीवर ‘मॉर्लो’ कोकोचा बल्बांचा फलक चढू लागला, तेव्हा वडील कात्रीसकट परांचीवर उतरले. “अहो, माझ्या खिडकीवर कोको कसला विकता?” फलक बसवणारे तरुण कारागीर स्प्रेक यांनी पट्टी लावून पाहिली व म्हणाले, “टॅपलीसाहेब, सगळं नाव हातभर डावीकडे घेतो. दुसरं अक्षर ‘ओ’ आहे, त्याच्या पोटात तुमची खिडकी नेमकी बसते. मालकाला बोलू नका म्हणजे झालं.”

२. त्या ‘ओ’मध्ये मी सोळाव्या वर्षापासून बसत आले. बल्ब जाऊन निऑनच्या नळ्या आल्या, शेजारी घड्याळ आले, दात घासणारा हत्ती आला नि गेला. आमचा ‘ओ’ हलला नाही. बसमधले लोक हात करीत, मीही सुई धरून हात करी. १९३९ साली युद्धामुळे दिवे मालवले, ते दहा वर्षे. १९४९ च्या एप्रिलात पुन्हा लागले तेव्हा गर्दीतून कुणी ओरडले, “ओ‑मधल्या बाई, आहात का अजून?” मी रुमाल फडकावला आणि काज अर्धे टाकून बराच वेळ रडले. ते रडणे आनंदाचे होते. त्याबद्दल तक्रार नाही.

३. तक्रार पुढे आहे. यंदा कोको कंपनी गेली व ‘फिझिट’ आली. या नावात एकही पोकळ अक्षर नाही. माझ्या खिडकीवर ‘झेड’ येतो आणि त्यामागे सलग पत्रा. मापासाठी तो तीन दिवस लावला होता. तेवढ्यात मी एका निवृत्त न्यायाधीशांच्या काळ्या वेस्टकोटाला निळी काजे करून बसले. ते तोच घालून एका स्नेह्यांच्या अंत्यविधीला गेले. कंपनीचे श्री. डेझमंड क्विल यांना मी शीतपेयाचे स्पेलिंग बदलता येईल का, असे विचारले. ते हसले नाहीत. चहा घेतला, माझ्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहिले व म्हणाले, “मिस टॅपली, नाव काही माझ्या हातात नाही. पण चित्रातल्या ग्लासातून सात बुडबुडे वर जातात. नाव जरा वर चढवलं आणि आठवा बुडबुडा तुमच्या खिडकीभोवती काढला तर?”

४. मी तसा अर्ज केला; त्यावर आपले उत्तर असे की, मंजूर नकाशात बुडबुडे सातच आहेत; शिवाय आठव्यात माणूस दिसल्यास ती ‘हलती जाहिरात’ ठरून तिला स्वतंत्र परवाना लागेल. महोदय, मी हलते ती सुईपुरती. शीतपेय मला सोसत नाही, त्यामुळे मी त्याची जाहिरात करते असे कुणी म्हणणार नाही. तरीही नियम आड येत असल्यास बुडबुड्यासोबत मलाही मंजूर करावे. माझी हलण्याची वेळ आठ ते पाच, रविवारी बंद. जेवताना मी पडदा ओढून घेईन.

५. आपल्या नकारानंतर पत्रा पुन्हा माझ्या खिडकीवर चढला आहे. राणीच्या राज्याभिषेकापूर्वी फलक उजळायचा असल्याने परांची शनिवारी उतरेल. त्याआधी निर्णय व्हावा.

आपली नम्र, व सध्या भरदिवसा दिवा लावून बसलेली,
विनिफ्रेड टॅपली

सोबत : (१) क्विल यांनी काढलेले बुडबुड्याचे चित्र. (२) न्यायाधीशांचे पत्र (भाषेबद्दल क्षमस्व).

ता.क. पाकीट चिकटवत असतानाच स्प्रेक, जे आता पासष्टीचे आहेत, नाव वर घेऊन, पत्रा कापून आठवा बुडबुडा बसवून गेले. चुकून बसला, असे त्यांचे म्हणणे. बसवलेला भाग काढायलाही आपलीच लेखी परवानगी लागते, असे कळते. ती देण्याची आपण मुळीच घाई करू नये.