माझी मिळकत आणि पिंपळीची उलटी काडी

हे लिहायला फार उशीर झाला, याबद्दल आधी सर्वांची माफी मागतो. मृत्युपत्रात माफी लिहीत नाहीत, असे इंदापूरचे वकील म्हणाले. त्यांनी दोन पानांचा मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात कुंडलिकतात्यांचे नाव कुठेच नव्हते, म्हणून मी हे माझ्या हाताने पुन्हा लिहितो. शिक्षण चौथी पास. चुका पदरात घ्याव्यात.

मी, भानुदास गेनबा ओहोळ, धंदा द्राक्षाची कलमे बांधणे, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, वय सत्तर. आधारकार्डावर एकाहत्तर आहे. जन्मतारीख मास्तरांनी एक जून घातली. आमच्या वर्गातले नऊ जण त्याच तारखेला जन्मले. कोणते वय धरायचे ते कचेरीने ठरवावे. माझे डोके ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी काही पाजलेले नाही. हाताच्या अंगठ्याचे मात्र तसे खात्रीने सांगता येत नाही. ते पुढे येईलच.

१. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, पत्नी अक्काबाई हयात असेपर्यंत तिचे. तिच्या मागे मुलगा बुद्धघोष व मुलगी करुणा यांचे निम्मे निम्मे. करुणाकडून हक्क सोडल्याचा कागद कुणी लिहून घेऊ नये. तिने स्वतःहून म्हटले तरी घेऊ नये. लहानपणापासून ती आपला वाटा दुसऱ्याला देते आणि मग कोपऱ्यात जाऊन रडते.

२. विहिरीजवळची अठरा गुंठे जमीन याच रीतीने. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये. हे मी रोज सांगतो आणि रोज सगळे हसतात. मी नसल्यावर कोण सांगणार, या काळजीने इथे लिहून ठेवले आहे.

३. पोस्टातली ठेव अक्काबाईची. पासबुक कुठे आहे ते तिलाच माहीत आहे.

४. शेजारचे दादासाहेब यांनी माझी लोखंडी शिडी दोन दिवसांसाठी नेली, त्याला सहा वर्षे झाली. ती त्यांना दिलेली नाही. मी गेल्यावर आणावी, पण लगेच नको. आठ दिवस जाऊ द्यावेत.

५. कलमे बांधणाऱ्या आमच्या टोळीचा मोबाईल नंबर. बारामतीपासून इंदापूरपर्यंत बागवाल्यांना तो पाठ आहे. तो टोळीतल्या संजीवनीला द्यायचा होता. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे वकिलांचे म्हणणे. म्हणून तो मी जिवंतपणीच दिला. आता फोन वाजला की तीच उचलते.

६. कलमाचा चाकू. याचे नीट सांगावे लागेल.

द्राक्षाच्या रानटी खुंटावर चांगल्या जातीची काडी बसवतात. काडीचे खालचे टोक पाचरेसारखे तासायचे, खुंट चिरून त्यात बसवायचे, वर पट्टी आवळायची. काडी सुलटी बसली पाहिजे, म्हणून ती तोडतानाच खालचे टोक तिरपे आणि वरचे सरळ तोडतात. हे मला लासुर्ण्याच्या कुंडलिक रामा वाघमोडे यांनी शिकवले. तेव्हा टोळी त्यांची होती. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे.

चौदा वर्षांपूर्वी एका बागेत त्यांच्या हातून सात काड्या उलट्या बसल्या. मी मालकासमोर, सगळ्या बायामाणसांसमोर ओरडलो, "तात्या, खालवर कळंना झालंय व्हय? घरी बसा आता!"

तात्यांनी चाकू धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "भाना, धार ठेव," एवढेच म्हणाले आणि निघून गेले. त्या सातही काड्या मी तिथल्या तिथे उपटून टाकल्या. टोळी माझी झाली. त्यानंतर मी लासुर्ण्यावरून पुष्कळदा गेलो, पण त्यांच्या दारात उतरलो नाही. धार मात्र ठेवली.

आपण म्हातारे झालो हे मला कुणी सांगितले नाही. मागे बारामतीच्या एसटीत कंडक्टरने न विचारता अर्धे तिकीट दिले. मी म्हणालो, "कार्ड तरी बघा की." तो म्हणाला, "आबा, तुमचं तोंडच कार्ड हाय." राग यायला हवा होता. पण मी घर येईपर्यंत खिडकीच्या काचेत त्या तोंडाकडे बघत राहिलो. हे कधी झाले? मी तर रोज दाढी करतो. मग एका सकाळी बागेत माझ्या ओळीत निळे स्टूल ठेवलेले दिसले.

"हे कुणासाठी?" मी विचारले.

"जो बसंल त्येच्यासाठी," संजीवनी म्हणाली. दहा वाजेपर्यंत मी बसलो होतो.

या सप्टेंबरात पिंपळीला विजयसिंह यांच्या बागेत काम होते. माझ्या मागून पट्टी आवळत येणारी संजीवनी थांबली, माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आबा, ह्या काड्या उलट्या हायेत. आरडू नगा. मी बदलते."

अकरा होत्या. तिरपे टोक कोणते, हे मी कधी डोळ्यांनी बघत नसे, अंगठ्याला कळायचे. त्या दिवशी अंगठ्याला कळले नाही, आणि कळले नाही हेही कळले नाही. मी स्टुलावर बसलो आणि मला तात्यांचे, चाकू पुसलेले धोतर दिसले. संजीवनीने कुणाला सांगितले नाही. मालकांना मीच सांगितले.

तिने दहा बदलल्या. शेवटच्या खांबाजवळची एक राहून गेली.

परवा बागेत गेलो तर ती फुटली होती. काडीवरच्या डोळ्याचे, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्याचे, तोंड जमिनीकडे, म्हणून कोंब आधी खाली निघाला होता. बोटभर खाली गेला, मग तिथूनच वळला आणि वर आला. त्याला कुणी वर कुठे ते सांगितले नव्हते. वर दोन पाने होती, नखाएवढी, पलीकडचे दिसेल इतकी पातळ. मी पंचेचाळीस वर्षे कलमे बांधली, हजारो काड्या जगवल्या, पण असे पाहिले नव्हते. उलटी काडी मरते म्हणून आम्ही ती नेहमी आधीच उपटली. मी हात जोडले. का जोडले ते सांगता येणार नाही.

तात्यांच्या सातांतली एखादी फुटली असती का, हे आता कळायला मार्ग नाही.

म्हणून चाकू कुंडलिकतात्यांना, असे मी लिहिले होते. ते वाचून बुद्धघोष म्हणाला, "अप्पा, चाकू त्यांचाच हाय ना? मग तुमी कोण देणार?" खरे आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात येत नाही. ही सहावी बाब मी रद्द करतो.

तात्या, आता तुम्हाला यात काही मिळत नाही, त्यामुळे तुम्ही साक्षीदार होऊ शकता. बुद्धघोष म्हणतो, गावात सही करायला माणसं कमी हायेत का. कमी नाहीत. पण माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे तुमच्याइतके कुणाला सांगता येईल? तेव्हा ते ठिकाणावर नव्हते, एवढे सांगितलेत तरी चालेल.

या कागदाची झेरॉक्स करुणाच्या हाती लासुर्ण्याला पाठवत आहे. ती वाचून दाखवील. विजयसिंह उलटी काडी येत्या रविवारपर्यंतच ठेवणार आहेत, मग तिथे दुसरी बसवतील. बुद्धघोष गाडी घेऊन येईल. आधी पिंपळीला जाऊ, ती फूट बघू, मग सही. चाकू माझ्या खिशात असेल. धार आहे. येणार की नाही, तेवढे लवकर कळवा. नंबर तोच जुना. उचलेल संजीवनी.

ठिकाण: अंथुर्णे
बुधवार, दि. ८ ऑक्टोबर २०२५

मृत्युपत्र करणार: भानुदास गेनबा ओहोळ
(सही तात्यांसमोर करीन)

साक्षीदार १: संजीवनी, कलम टोळी, अंथुर्णे
(हजर आहे, पेन तिच्याकडेच आहे)

साक्षीदार २: कुंडलिक रामा वाघमोडे, लासुर्णे