बाबांच्या झाडावरच्या गोगलगायी

३ ऑगस्ट
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाजीमळे फस्त करणाऱ्या मोठ्या गोगलगायींना खायला म्हणून तुमच्या शेती खात्याने ज्या शिकारी गोगलगायी सोडल्या, त्या बेटभर झाल्या. मोठ्यांना त्या तोंडही लावत नाहीत. गिळतात त्या रानातल्या, झाडावर राहणाऱ्या आपल्या चिमुकल्या. दिसायला गरीब, पण गोगलगाय नि पोटात पाय!

आता आपल्या परसातल्या झाडावरच काय त्या उरल्यात. वनरक्षकाची नोकरी संपली तरी बाबा रोज खोड तपासतात, वाऱ्याने पडलेल्या उचलून फांदीवर ठेवतात. पण मोतीबिंदू पिकलाय, सगळं चाचपून चालतं. ऑपरेशनचं नाव काढलं की विचारतात, राखण कोण करणार? मी करीन. तू दटाव, तुझंच ऐकतील.
रागावून का होईना, लिहीत जा.
तुझा गोट्या

२० ऑगस्ट
चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. नर्सला गोगलगायींचं पुराण ऐकवून बाबांनी भंडावून सोडलंय. पुढच्या बोटीने येतील.

काल सहज म्हणाले, यंदा वारा फार, खाली पुष्कळ सापडल्या, सगळ्या वर ठेवल्या. उपासमारीने लांबट, निमुळत्या झाल्यात बिचाऱ्या. आपल्या तर वाटाण्यासारख्या गोल असतात रे! लांबट कोण, ते तुला सांगायला नको. आधी झाड बघ. बाबांना मी काही बोललेले नाही.
जिवाला जप.
तुझी ताई

२६ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न.

राखण करीन म्हटलं खरं, पण तुझं पत्र येईपर्यंत झाडाकडे फिरकलोच नव्हतो. झाडाखाली रिकाम्या शंखांचा सडा पडलाय. फांद्यांवर नुसत्या त्या लांबट शिकारी. सगळ्या वेचून मिठाच्या डब्यात टाकल्या. आपली एकही जिवंत नाही गं. बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? गोल शंख फणसाच्या चिकाने खोडावर चिकटवतोय. वेडा म्हण हवं तर.
गोट्या

२ सप्टेंबर
चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गोट्याने मोठ्या हौसेने झाड दाखवलं. पण काल पाऊस पडला आणि एकही जागची हलली नाही. भिजल्यावर गोगलगाय स्वस्थ बसत नाही, हे पोरगं विसरलं. शंख फार निगुतीने लावलेत त्याने, म्हणून मी छान छान म्हणालो. मला कळलं हे त्याला सांगू नकोस.

मागच्या दारी मिठाचा डबा सापडला. त्यातले लांबट शंख डोळे मिटून चाचपले, बोटांनी लगेच ओळखले. एकेक मीच वर ठेवला होता.

दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांना विचारू नकोस. दिसलं तेवढं पुरे.
दोघं एकमेकांना धरून राहा.
तुझे बाबा