थोरल्याची चावी

४ मार्च
थोरला भाऊ जाऊन महिना झाला. नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता. पाणी सोडायला खड्ड्यात उतरला, आत गॅस साठलेला, वर आलाच नाही. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळते. वहिनीलाच मिळणार, असं सगळे धरून चाललेत. मला पटत नाही. व्हॉल्व्ह फिरवायची ती जड लोखंडी चावी घेऊन एक बाई पहाटे गल्लीबोळ फिरणार? नोकरी मी करतो. वहिनी आणि तिच्या छोटीला काही कमी पडू देणार नाही. शिवाय मी सध्या मोकळाच आहे.
संकल्प: पहाटे उठणे. दाराआडच्या चावीला तेल लावणे.

५ मार्च, सकाळी साडेदहा
आत्ता उठलो. तेल संपलंय.

६ मार्च
आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, भाऊसाहेब, यांना भेटलो. निवडणुकीत त्यांची पोस्टरं मीच चिकटवली होती. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू आपला माणूस. मग अंगणातल्या खुर्च्या आत ठेवायला सांगितल्या. आपल्या माणसालाच सांगतात.

११ मार्च
नगरपालिकेतला क्लार्क म्हणाला, दिराचं नाव नियमात बसत नाही. वहिनींचा अर्ज उद्याच द्या, म्हणजे नगरपालिकेचं राहतं क्वार्टरही सुटणार नाही. माणूस सज्जन, पण नजर तोकडी. भाऊसाहेबांपुढे नियमाची काय टाप? त्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, ‘मला नोकरी नको’ एवढं वहिनीकडून लिहून आण. बाकी माझ्यावर सोड.

१२ मार्च
वहिनी ऐकेना. म्हणाली, छोटीच्या शाळेला सुट्टी असली की हे मला बरोबर न्यायचे, मला सगळे व्हॉल्व्ह फिरवता येतात. मी म्हटलं, हौस वेगळी, नोकरी वेगळी. छोटीला कोण बघणार? तिने छोटीला जवळ ओढलं. मग म्हणाली, तुम्ही आहात ना, भावोजी? म्हटलं, आहे ना. तिने सही केली. छोटीचं पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावी लागली.

२० मार्च
भाऊसाहेबांच्या गच्चीवरची टाकी आतून घासून दिली. पाणीखात्यातला अनुभव म्हणून धरता येईल. नोकरीचा विषय काढणारच होतो, पण ते फोनवर होते. माझ्याकडे बघून मान हलवली. होकारार्थीच असावी.

२ एप्रिल
मोठी बातमी. भाऊसाहेब म्हणाले, माझ्या ड्रायव्हरला सगळे व्हॉल्व्ह दाखवून आण. नोकरीआधीच शिकवायची जबाबदारी! म्हणजे मी सुपरवायझर, ड्रायव्हर हाताखाली. अडचण एकच, मलाच माहीत नव्हते. वहिनीला बरोबर घेतलं. कोणता किती फेरे फिरवायचा, कोणत्या गल्लीला आधी पाणी, तिने सगळं दाखवलं. ड्रायव्हर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. एका खड्ड्याजवळ मात्र ती गेली नाही. तो मीच लांबून दाखवला.
येताना ती वाटेत दोनदा पायरीवर बसली. दमली असेल.

९ एप्रिल
ड्रायव्हरची ऑर्डर निघाली. व्हॉल्व्हमन म्हणून. क्लार्क म्हणाला, वारसाने हक्क सोडला, जागा मोकळी झाली, वरून नाव आलं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.
संकल्प: भाऊसाहेबांचं तोंड बघायचं नाही.

९ एप्रिल, दुपारी
भाऊसाहेबांचा फोन आला, गेलो. पुढच्या भरतीत बघू म्हणाले. एक मात्र आहे. ड्रायव्हरची जागा रिकामी झाली! मला गाडी येत नाही. शिकतो.
वहिनीला कसं सांगू?

१७ एप्रिल
सांगायची गरज पडली नाही. क्वार्टर सोडायची नोटीस आली.

३० एप्रिल
भाऊसाहेबांनी नवा ड्रायव्हर आणला. त्यांच्या मेव्हण्याचा मेव्हणा.
क्वार्टर जुन्या ड्रायव्हरला मिळालं. त्याचा टेम्पो दारात, आमचं सामान बाहेर. वहिनी आणि छोटी तिच्या भावाकडे चालल्या. भावाने कितपत मनापासून बोलावलंय कोण जाणे. दाराआडची चावी वहिनीने स्वतः ड्रायव्हरच्या हातात दिली. म्हणाली, झाकण उघडल्यावर लगेच उतरू नका. थोडं थांबा, आतला गॅस निघून जाऊ द्या. तुमच्याही घरी वाट बघत असतील.
फार वाईट वाटलं. पण भाऊसाहेबांच्या मनात काहीतरी असणारच.
रिक्षात बसताना वहिनी येते म्हणाली. तुम्ही आहात ना, असं या वेळी म्हणाली नाही.
त्याच्या कपाटाचं दुसरं टोक धरायला ड्रायव्हरने हाक मारली. धरलं.