आसारामचे पाठांतर

खर्डा, १२ जानेवारी १९७३

रा. रा. रंगनाथभावजी यांना थोरल्या वहिनीचा नमस्कार. इकडं पाण्याचे हाल हायेत, पण माणसं धड हायेत. तुमी प्रवरेच्या काठी सुखात, आमची आठवण कशाला येईल, असं मामंजी रोज म्हणतात.

कागद लिहिण्याचं कारण छबू. पोरीला पाचवं लागलं. महिना झाला, पहाटे झोपेतच उठून बसती अन् इंग्रजी शब्द अर्थासकट म्हणती. अबॅन्डन म्हंजे सोडून देणे. अबेट म्हंजे ओसरणे. अबोड म्हंजे राहण्याची जागा. तिचे वडील विहिरीवर सुरुंगात गेले तवा ती माझ्या पोटात हुती. त्यांची जुनी डिक्शनरी तर तुमच्याकडं संगमनेरात हाय.

मामंजी म्हणतात, तिचा बाप आसारामच पोरीच्या अंगात आलाय. अमावास्येला देवऋषी बोलावलाय, तापल्या सळईनं पाठीवर डाग देणार. मी पायावर डोकं ठेवलं तवा एवढं कबूल केलं, की रंगनाथनं पुस्तकात बघून शब्द खोटे म्हणले तर पोरीची बडबड समजून सोडू. बोभाटा नको म्हणून शाळेतल्या मास्तरांना विचारलं न्हाई. तिचे चौदा शब्द मागं लिहिलेत. मला तर काही सुचत न्हाई. लोभ माझ्यावर नसंना का, पुतणीवर ठेवा.

आपली,
लंकाबाई


संगमनेर, १९ जानेवारी १९७३

ती. वहिनींच्या चरणी शि. सा. नमस्कार. पाकिटात दोन कागद आहेत. मोठा आबांना वाचून दाखवा. चौदाही शब्द चुकीचे आहेत, डिक्शनरीत असलं काही नाही, असं त्यात लिहिलंय. हा धाकटा तुमच्यासाठी. वाचून चुलीत घाला.

शब्द सगळे बरोबर आहेत. क्रमसुद्धा.

दादा मॅट्रिकला बसणार होता तेव्हा पहाटे डोळे मिटून शब्द म्हणायचा आणि मी पुस्तक धरून पाठ घ्यायचो. त्याचं एक अक्षर चुकत नसे. माझे दहा शब्द धड पाठ होत नसत, आणि आबा येता-जाता त्याचंच कौतुक करायचे. मी मनातून जळायचो. बरोबर शब्दाला चूक म्हणायला लागलो. त्यानं एकदाही पुस्तक मागून पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तोच शब्द परत परत म्हणत बसायचा. परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा म्हणाला, की आपल्या डोक्यात काही राहत नाही. पेपरला गेलाच नाही. सुरुंगाच्या कामावर लागला. पुढचं तुम्ही भोगलंत.

आता छबूला वाचवायला त्याला आणखी एकदा चूक म्हणतोय. मला शिव्या द्या, पण उत्तराचा कागद टाका.

तुमच्या मायेला न शोभणारा,
रंगनाथ


खर्डा, ६ फेब्रुवारी १९७३

रंगनाथभावजींना नमस्कार. मोठा कागद मामंजींना वाचून दाखवला. देवऋषीला नारळ देऊन वाटंला लावलं. पोरीच्या अंगाला कुणी बोट लावलं न्हाई, हे तुमचे उपकार. धाकटा कागद जाळला. राग लई आला. दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई. ते बिचारे मरेपर्यंत सांगत हुते, की रंगा हुशार, मी आपला दगड.

मोठा कागद वाचताना छबू माझ्या मांडीवर हुती. दुसऱ्या पहाटे उठून बसली, पहिला शब्द म्हणली अन् थांबली. मग मान खाली घालून म्हणली, की रंगा, चुकलं आसंल तर पुन्हा म्हणतो. पोरगी हाय, पण म्हणतो म्हणली. तवापासून त्या पहिल्याच शब्दावर अडलीय. आता दिवसासुद्धा म्हणती. घसा बसलाय, घास गिळत न्हाई. मामंजी आले की मी पदरानं तिचं तोंड दाबती. बरोबर हाय, बरोबर हाय, असं मी शंभरदा म्हणून बघितलं. माझं ऐकत न्हाई.

भावजी, पुस्तक घेऊन मिळेल त्या एस.टी.नं या. तिच्यासमोर बसा अन् पाठ घ्या.

वाट बघणारी,
लंकाबाई